पॅचवर कमेंट आल्या, आता पुढे? लिनक्स ड्रायव्हर पहिल्यांदाच पाठवणाऱ्यांसाठी

लिनक्स कर्नलला पहिला ड्रायव्हर पॅच म्हणून, म्हणजे मेलने पाठवलेला कोडमधला बदल म्हणून, पाठवणं आता तितकं अवघड राहिलेलं नाही. चेकपॅच (शैलीच्या चुका दाखवणारी स्क्रिप्ट) चालवायचं, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगेल ते पत्ते घालायचे, गिट सेंड-ईमेल करायचं, झालं. खरं काम सुरू होतं ते उत्तरं येऊ लागली की. चार-पाचशे ओळींच्या नव्या ड्रायव्हरवर दोन-तीन डझन कमेंट येणं अगदी नेहमीचं आहे. ती रांग बघून कितीतरी हुशार मुलंमुली तिथेच थांबतात. कोड टाकाऊ असतो असं नाही. कशाला काय उत्तर द्यायचं, कुठे आपलं म्हणणं धरून ठेवायचं आणि कुठे निमूट बदलायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

कंपनीतल्या रिव्ह्यूची सवय इथे पुरत नाही. पुण्या-बंगळुरात एम्बेडेडचं काम करणाऱ्या बहुतेकांना वेब पानावर 'डन'चं बटण दाबायची सवय असते. समोरचा शेजारच्या टेबलावर बसलेला असतो आणि उरलेलं चहाच्या वेळी बोलून मिटतं. कर्नलमध्ये सगळा व्यवहार मेलवर, उघड्यावर चालतो आणि तो कायमचा जतन होतो. तीन वर्षांनी तुमच्या ड्रायव्हरमधली एखादी ओळ अशी का, हे शोधणारा माणूस तुमची आजचीच मेल वाचणार आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. रिव्ह्यू करणाऱ्याने शेकडो ड्रायव्हर पाहिलेत, पण तुमची चिप त्याच्या हातात नाही. चिप, तिची डेटाशीट आणि तारा जोडलेला बोर्ड तुमच्या टेबलावर आहे. त्यामुळे त्याच्या निम्म्या कमेंट अनुभवातून आलेल्या सूचना असतात आणि निम्मे खरेखुरे प्रश्न असतात, ज्यांचं उत्तर फक्त तुम्हीच देऊ शकता. दोन्हींना 'ओके, विल फिक्स' हे एकच उत्तर दिलं की रिव्ह्यू वाया गेला.

## आधी यादी, मग उत्तर

उदाहरणासाठी एक चिप धरू. आयटूसी बसवरचा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. वीज एका रेग्युलेटरकडून येते, मोजमाप तयार झालं की इंटरप्ट पिन हलते. ड्रायव्हर आयआयओ या सेन्सरसारख्या उपकरणांच्या सबसिस्टीममध्ये (कर्नलच्या भागात) जाणार, जिचे मेंटेनर, म्हणजे पॅच स्वीकारणारे, जोनाथन कॅमेरॉन आहेत. सिरीजमध्ये दोन पॅच: पहिला डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा (बोर्डावर चिप कशी जोडली आहे हे कसं लिहायचं, त्याचा आराखडा), दुसरा ड्रायव्हरचा. बाइंडिंग आधी आणि ड्रायव्हर नंतर, हा क्रम ठरलेला आहे.

पहिली मेल आली की लगेच कोड उघडू नका. दोन-तीन दिवस जाऊ द्या, बाकीच्यांच्याही कमेंट येऊ द्या. मग एक साधी फाइल घ्या आणि प्रत्येक मुद्दा वेगळ्या ओळीवर उतरवा. एकाच मेलमध्ये बारा मुद्दे असतात आणि आठवा हमखास निसटतो. पुढच्या व्हर्जनवर 'हे मी मागेही सांगितलं होतं' असं रिव्ह्यूअरला लिहावं लागलं, की त्याचा पुढच्या वेळचा उत्साह तिथेच संपतो. कर्नलच्या पॅच पाठवण्याच्या अधिकृत सूचनांमध्येही हे स्पष्टच लिहिलंय: रिव्ह्यूअरकडे दुर्लक्ष करणाऱ्याकडे नंतर सगळेच दुर्लक्ष करतात.

यादी करताना प्रत्येक मुद्द्यापुढे अजून एक रकाना ठेवा: हीच गोष्ट फाइलमध्ये आणखी कुठे आहे? एका फंक्शनमध्ये चूक दाखवली की बाकीच्या चार ठिकाणची तुम्हीच शोधायची, असा अलिखित करार असतो. प्रत्येक जागा तो दाखवत बसणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

## सगळ्या कमेंट सारख्या वजनाच्या नसतात

नवखे लोक सोप्या कमेंटपासून सुरुवात करतात. रिकामी ओळ काढली, व्हेरिएबलचं नाव बदललं, बरं वाटलं. मी उलटा क्रम सुचवेन. आधी त्या कमेंट घ्या ज्या एकदा कोड आत गेल्यावर दुरुस्त करता येत नाहीत.

अशा कमेंट दोन प्रकारच्या. एक, युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामना) दिसणाऱ्या गोष्टींवरच्या, म्हणजे सिसएफएसमधल्या, ड्रायव्हर ज्यांतून आकडे देतो त्या फाइलींची नावं, एककं, अर्थ. युजरस्पेस मोडायचं नाही हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांचा नियम सगळ्यांना माहीत आहे; आज चुकीचं एकक आत गेलं तर कुणाचा तरी प्रोग्राम त्या चुकीवर उभा राहतो आणि मग ते सुधारणं जवळजवळ अशक्य होतं. दोन, डिव्हाइस ट्री बाइंडिंगवरच्या. तिच्यानुसार लिहिलेलं वर्णन बोर्डांच्या फर्मवेअरमध्ये जाऊन बसतं, मागे घेता येत नाही.

एककांचं उदाहरण जवळून बघू. बऱ्याच सेन्सरच्या डेटाशीटमध्ये तापमानाचं सूत्र असं असतं: उणे ४५, अधिक १७५ गुणिले कच्चा आकडा भागिले ६५५३५. नवखा माणूस आयआयओमध्ये स्केल आणि ऑफसेट असे दोन आकडे देतो आणि ऑफसेट म्हणून सरळ उणे ४५००० लिहितो, कारण आयआयओत तापमान मिली-अंश सेल्सियसमध्ये असतं. त्यावर कमेंट येते: 'ऑफसेट स्केलच्या आधी लागतो, तपासा.' इथे घाईने 'ओके' म्हणू नका, वही काढा. आयआयओचा नियम आहे की कच्च्या आकड्यात ऑफसेट आधी मिळवायचा आणि मग स्केलने गुणायचं. म्हणजे ऑफसेट कच्च्या आकड्याच्याच मापात हवा: उणे ४५ गुणिले ६५५३५ भागिले १७५, म्हणजे जवळपास उणे १६८५२. स्केल १७५००० भागिले ६५५३५, म्हणजे साधारण २.६७. आता पडताळा करा: कच्चा आकडा शून्य असेल तर उणे १६८५२ गुणिले २.६७, उत्तर उणे ४५००० मिली-अंशांच्या अगदी जवळ येतं. हा पडताळा मेलमध्ये तसाच लिहा. रिव्ह्यूअरला पुन्हा गणित करावं लागत नाही, आणि तुम्ही मुद्दा नुसता मान्य केला नाहीत तर समजून घेतलात, हेही त्याला दिसतं.

बाइंडिंगवरच्या कमेंटचं मर्म एकाच गोष्टीत आहे: बाइंडिंग हार्डवेअरचं वर्णन करते, लिनक्सच्या ड्रायव्हरचं नाही. 'दर किती मिलिसेकंदांनी वाचायचं' अशी प्रॉपर्टी घातलीत तर ती परत येणार, कारण ते धोरण झालं, बोर्डाचा गुणधर्म नव्हे. कंपॅटिबल नावात चिपच्या कुटुंबासाठी 'एक्स' घातलेलं चालत नाही. नेमका पार्ट नंबर लागतो. भौतिक राशीच्या प्रॉपर्टीला मायक्रोव्होल्ट, ओम असे ठरलेले एककांचे प्रत्यय लागतात. या भागात वाद घालण्यापेक्षा बाइंडिंगच्या त्याच फोल्डरमधल्या अलीकडे मर्ज झालेल्या दोन-तीन वायएएमएल फाइली वाचून घेतल्या तर निम्म्या कमेंट आपोआप सुटतात. बदल झाल्यावर मेकचं डीटी-बाइंडिंग-चेक हे टार्गेट चालवल्याशिवाय पाठवू नका. डिव्हाइस ट्रीचे मेंटेनर रॉब हेरिंग यांचा बॉट ते चालवणारच आहे आणि चूक सगळ्यांसमोर येईल.

दुसऱ्या वजनाच्या कमेंट म्हणजे आयुष्यमान आणि शर्यतीच्या: कोणती गोष्ट कधी जन्मते, कधी मरते, मध्ये कोण हात घालू शकतं. यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो. शैलीच्या कमेंट सगळ्यात शेवटी, आणि त्यांवर एक शब्दही न बोलता बदल करून टाका. नेटवर्किंगवाले लोकल व्हेरिएबल लांब ओळीपासून छोट्या ओळीकडे उतरत्या क्रमाने लावायला सांगतात, दुसरीकडे कुणी त्याची फिकीर करत नाही. ज्या सबसिस्टीममध्ये गेलात तिथली रीत पाळा. त्यात शक्ती घालवू नका.

## मेल कशी लिहायची

साधा मजकूर, एचटीएमएल नाही. समोरच्याच्या मेलमधला जो भाग उत्तराशी संबंधित आहे तेवढाच ठेवायचा, बाकीचा कापायचा, आणि प्रत्येक मुद्द्याच्या खाली आपलं उत्तर लिहायचं. सगळ्यात वर चार ओळी आणि खाली अख्खी मूळ मेल तशीच, हे इथे चालत नाही. 'रिप्लाय ऑल' दाबा. फक्त रिव्ह्यूअरला खासगीत लिहिलंत तर बाकीच्यांना चर्चा दिसत नाही, आणि तोच प्रश्न दुसरा कुणीतरी पुन्हा विचारतो.

संबोधनाचं सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे शाळेपासून सर-मॅडम म्हणायचं वळण असतं. इथे 'हाय जोनाथन' इतकंच पुरेसं आहे. 'रिस्पेक्टेड सर'ने कुणी रागावत नाही, पण त्या सुरात लिहायला लागलं की पुढचं वाक्यही आपोआप हो-ला-हो होतं, आणि धोका तिथे आहे. बरोबरीच्या इंजिनियरशी बोलताय अशा सुरात लिहा. आदर दाखवायचा असेल तर त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर द्या.

प्रत्येक मान्य मुद्द्यावर 'हो, करतो' असं लिहीत बसायची गरज नाही. काही मेंटेनर तर सांगतात की मान्य असलेला भाग उत्तरातून सरळ कापून टाका आणि फक्त चर्चेचे मुद्दे ठेवा. मान्य केलेलं पुढच्या व्हर्जनच्या बदलांच्या यादीत दिसेलच. शंका, असहमती किंवा प्रश्नाचं उत्तर मात्र मेलमध्येच यायला हवं, आणि पुढचं व्हर्जन पाठवायच्या आधी.

## एक कमेंट, पूर्ण शेवटपर्यंत

आपल्या ड्रायव्हरमध्ये प्रोब फंक्शन (डिव्हाइस जोडलं जाताना धावणारं) रेग्युलेटर चालू करतं, मग इंटरप्ट मागतं, मग आयआयओमध्ये नोंदणी करतं. इंटरप्ट आणि नोंदणी या दोन्हींसाठी डेव्हएमची फंक्शन वापरली आहेत, म्हणजे डिव्हाइस सुटल्यावर त्यांची साफसफाई कर्नल आपणहून करतो. रेग्युलेटर बंद करायला मात्र रिमूव्ह फंक्शन हाताने लिहिलंय. कमेंट येते:

'डेव्हएम आणि हाताने केलेली साफसफाई यांची सरमिसळ झाली आहे. क्रम तपासा.'

एवढीच. नवख्याला वाटतं, शैलीचा मुद्दा असेल. तो शैलीचा नाही.

अनबाइंड करताना, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवताना, आधी रिमूव्ह धावतं आणि त्यानंतर डेव्हएमच्या गोष्टी उलट्या क्रमाने सुटतात. म्हणजे पहिल्यांदा वीज जाते. त्या क्षणी आयआयओची नोंदणी अजून जिवंत आहे, इंटरप्टही जिवंत आहे. कुणी सिसएफएसमधून तापमान वाचलं तर वीज नसलेल्या चिपशी आयटूसीवर बोलणी सुरू होतात. पिन तरंगून इंटरप्ट आला तर हँडलरचंही तेच. बोर्डावर हा प्रकार सहसा दिसत नाही, कारण खिडकी फार छोटी असते. म्हणूनच 'माझ्याकडे चालतंय' हे उत्तर इथे लागू होत नाही.

उपाय दोन. रेग्युलेटरचा व्होल्टेज वाचायचा नसेल तर 'मिळवा आणि चालू करा' हे दोन्ही एकत्र करणारं डेव्हएम फंक्शन वापरा. रिमूव्ह अख्खं गळून पडतं. नाहीतर वीज चालू केल्यावर लगेच, इंटरप्ट मागायच्या आधी, डेव्हएमच्या ॲक्शनमध्ये बंद करायचं काम नोंदवा. दोन्हीकडे साफसफाई आता जन्माच्या बरोबर उलट्या क्रमाने होते.

मेलमधलं उत्तर साधारण या आशयाचं असावं:

'बरोबर आहे. अनबाइंडच्या वेळी नोंदणी निघण्याआधी वीज जात होती. पुढच्या व्हर्जनमध्ये रेग्युलेटरही डेव्हएमवर नेतोय, त्यामुळे रिमूव्ह राहणार नाही. एका टर्मिनलवर सतत तापमान वाचत ठेवून दुसरीकडून बाइंड-अनबाइंड फिरवून तपासलं. आधी मधूनच आयटूसीची चूक येत होती, आता येत नाही.'

हे तपासणं सोपं आहे. सिसएफएसमध्ये ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये बाइंड आणि अनबाइंड अशा दोन फाइली असतात. त्यात डिव्हाइसचं नाव लिहिलं की तो सुटतो किंवा जोडला जातो. छोट्या शेल लूपमध्ये हे फिरवत ठेवा. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ड्रायव्हर काढून पाहण्याचा एक डीबग पर्याय आहे, तो प्रत्येक प्रोबनंतर एकदा काढून पुन्हा लावतो. तोही सुरू करा. जोडीला लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं), ॲटॉमिक संदर्भात, म्हणजे थांबायला मनाई असते तिथे, झोपण्याची तपासणी आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारं) हे तिन्ही. ड्रायव्हर या चौकटीत फिरवला की रिव्ह्यूअरने न सांगितलेल्या एक-दोन गोष्टीही बहुधा सापडतात. त्या स्वतःहून दुरुस्त करा आणि बदलांच्या यादीत लिहा.

प्रोबमधल्या चुका छापण्यावर हमखास येणारी आणखी एक कमेंट: डेव्ह-एर-प्रोब हे फंक्शन वापरा. रेग्युलेटर किंवा क्लॉक अजून तयार नसेल तर प्रोब पुढे ढकलला जातो, ती खरी चूक नसते. हे फंक्शन अशा वेळी लॉगमध्ये आरडाओरड करत नाही आणि परत द्यायचा आकडाही तेच देतं. तीन ओळींची एक होते. यावर चर्चा नकोच.

## रिव्ह्यूअर चुकत असेल तर

असं होतं, आणि त्यात कुणाला कमीपणा नाही. आपल्या उदाहरणात दोन रजिस्टर एकामागून एक वाचली आहेत. कमेंट येते: 'दोन्ही बाइट एकाच बल्क रीडने वाचा, नाहीतर मध्येच नवं मोजमाप येऊन वरचा बाइट जुना आणि खालचा नवा असं होईल.' सूचना एरवी उत्तम आहे. पण समजा, तुमच्या चिपमध्ये या मोडला पत्ता आपोआप पुढे सरकत नाही आणि बल्क रीड केला की दुसरा बाइट नुसता एफएफ येतो.

इथे गप्प बसून सूचना अमलात आणलीत तर ड्रायव्हर मोडेल. गप्प बसून दुर्लक्ष केलंत तर माणूस मोडेल. डेटाशीटचा विभाग आणि पानाचा क्रमांक द्या, शक्य असेल तर लॉजिक ॲनालायझरवर काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. मग त्याची मूळ काळजी वेगळी काढा: बाइट जुने-नवे मिसळू नयेत ही काळजी खरी आहे, तिचं उत्तर काय? वरचा बाइट वाचला की चिप खालचा गोठवून ठेवत असेल तर तसं सांगा. गोठवत नसेल तर वरचा बाइट पुन्हा वाचून दोन्ही वेळचे जुळतात का ते पाहा, न जुळल्यास पुन्हा वाचा. सूचना नाकारली तरी काळजी सोडवायचीच.

आणि हा खुलासा मेलपुरता ठेवू नका. कोडमध्ये बदल झाला नाही अशा प्रत्येक प्रश्नामागे कोडमध्ये एक कमेंट किंवा पॅचच्या वर्णनात एक वाक्य यायला हवं, कारण जो प्रश्न आज एकाला पडला तोच उद्या दुसऱ्याला पडणार. 'इथे वीस मिलिसेकंद का थांबतोय?' याचं उत्तर फक्त मेलमध्ये दिलं तर वर्षभरात कुणीतरी तो आकडा कमी करणारा पॅच पाठवेल. डेटाशीटमधला कमाल रूपांतरकाळ कोणता आणि त्यावर किती सूट ठेवली, हे त्या ओळीच्या वरच लिहा.

दोन रिव्ह्यूअर परस्परविरुद्ध सांगतायत असं झालं तर स्वतः मधला मार्ग काढून कुणालाच न आवडणारा कोड लिहू नका. दोघांनाही एकाच मेलमध्ये घ्या, दोन्ही पर्याय प्रत्येकी दोन ओळींत मांडा, तुमचा कल सांगा आणि मेंटेनरला विचारा. मेंटेनर्स फाइलमध्ये त्या भागापुढे ज्याचं नाव आहे, त्याचा शब्द शेवटचा.

काही उत्तरं तुटक असतात. 'नो.' 'व्हाय?' बहुतेक वेळा त्यामागे राग नसतो. एका माणसापुढे दिवसाला शंभर पॅच असले की वाक्यं आखूड होतात. मेल वाचून मन खट्टू झालं तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. खरंच अपमानकारक काही असेल तर कर्नलला २०१८पासून आचारसंहिता आहे आणि तक्रार ऐकणारी समितीही आहे.

## बॉटच्या मेल

पॅच पाठवल्यानंतर इंटेलचा कर्नल टेस्ट रोबोट तो निरनिराळ्या आर्किटेक्चरवर बांधून बघतो आणि तुम्ही कधी नावही ऐकलं नसेल अशा मशीनवरची वॉर्निंग पाठवतो. ती खरी असते, दुरुस्त करा. त्या मेलमध्ये 'रिपोर्टेड-बाय (चूक कळवणाऱ्याच्या नावाची ओळ, म्हणजे टॅग) लावा' असं असतं, पण त्याच्या आधीचं वाक्य नीट वाचा: वेगळ्या पॅचने दुरुस्ती केलीत तरच. तुमचा पॅच अजून मर्जच झालेला नाही आणि तुम्ही त्याचंच नवं व्हर्जन काढताय, तेव्हा तो टॅग लावायचा नाही. नाहीतर अख्खा ड्रायव्हर रोबोटच्या तक्रारीवरून लिहिला असं इतिहासात दिसेल.

## दुसरं व्हर्जन बांधताना

दुरुस्त्या वेगळ्या पॅच म्हणून मागे जोडायच्या नसतात. मूळ पॅचमध्येच मिसळायच्या, जणू तो पहिल्यापासून तसाच लिहिला होता. प्रत्येक दुरुस्तीचा फिक्सअप कमिट करा आणि शेवटी इंटरॅक्टिव्ह रिबेसने तो योग्य जागी गुंडाळा. रिबेसला एक्झेक पर्याय देऊन प्रत्येक कमिटवर मेक चालवा. सिरीजमधला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे कंपाइल व्हायला हवा, नाहीतर नंतर बायसेक्ट करणारा, म्हणजे चूक कोणत्या कमिटपासून आली ते शोधणारा, माणूस तुमच्या मधल्या पॅचवर अडकतो.

मग डब्ल्यू=१ (जास्तीच्या वॉर्निंगसाठी) लावून बिल्ड, स्पार्स हे कोड तपासणारं साधन, आणि चेकपॅच स्ट्रिक्ट पर्यायासकट. चेकपॅच सल्लागार आहे, न्यायाधीश नाही. त्याच्यासाठी वाचनीय ओळ तोडू नका. शेवटी जुन्या आणि नव्या सिरीजचा गिट रेंज-डिफ काढा आणि सुरुवातीला केलेली यादी शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. यादीतला प्रत्येक मुद्दा एकतर या डिफमध्ये दिसला पाहिजे, नाहीतर मेलमध्ये त्याचं उत्तर गेलेलं असलं पाहिजे. तिसरा प्रकार उरता कामा नये.

बदलांची यादी तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. त्या रेघेच्या खालचं गिटमध्ये जात नाही आणि तेच हवं असतं. 'व्ही१मध्ये चुकीचं एकक होतं' हे कायमच्या इतिहासात नको. 'रिव्ह्यूनुसार दुरुस्त्या' हे लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'ऑफसेट कच्च्या मापात नेला', 'रेग्युलेटर डेव्हएमवर, रिमूव्ह काढलं', 'बल्क रीड का नाही याची कमेंट घातली', असं लिहा आणि ज्याने सुचवलं त्याचं नाव पुढे द्या. मागच्या व्हर्जनचा दुवाही तिथेच. काही सूचना घेतली नसेल तर तीही कारणासकट नोंदवा; लपवलेला नकार सापडतोच.

कोणी रिव्ह्यूड-बाय (कोड तपासला) किंवा टेस्टेड-बाय (चालवून पाहिला) हा टॅग दिला असेल तर तो पुढच्या व्हर्जनमध्ये आपण घालायचा असतो, आणि हे विसरलं की रिव्ह्यूअर खरंच दुखावतो. कॉन्स्टंटीन रियाबित्सेव्ह यांचं बी४ हे साधन हे टॅग मेलच्या संग्रहातून गोळा करून योग्य कमिटवर लावतं, व्हर्जनचा आकडाही स्वतः वाढवतं. सुरुवातीपासूनच ते वापरा. टॅग मिळाल्यानंतर कोड बराच बदललात तर तो काढून टाका, आणि का काढला ते रेघेखाली लिहा. नुसतं 'छान दिसतंय' लिहिलेल्या मेलवरून आपणच रिव्ह्यूड-बाय बनवायचा नाही. साइन्ड-ऑफ-बाय तर कायदेशीर वजनाची गोष्ट आहे: २००४पासून ती ओळ म्हणजे 'हा कोड देण्याचा मला अधिकार आहे' असं तुमचं जाहीर विधान. दुसऱ्याच्या नावाने ती कधीही लिहू नका.

## कधी पाठवायचं, किती थांबायचं

एका दिवसात तीन व्हर्जन पाठवणं हा उत्साही माणसाचा नेहमीचा दोष. ज्याने व्ही१ अर्धा वाचलाय त्याचं काम त्यामुळे वाया जातं. नेटवर्किंगमध्ये दोन व्हर्जनमध्ये किमान २४ तासांचा नियमच आहे. नव्या ड्रायव्हरसाठी आठवडाभर थांबणं सगळ्यात बरं. नवं व्हर्जन नव्या मेलधाग्यात पाठवा, जुन्याच्या खाली लटकवू नका.

काहीच उत्तर आलं नाही तर किमान एक आठवडा, शक्यतो दोन-तीन, थांबून नम्र आठवण करा. त्याआधी कॅलेंडर बघा. कर्नलचं नवं व्हर्जन साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघतं, आणि त्या चक्राच्या सुरुवातीचे दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे नवा कोड आत घ्यायचा काळ, असते. त्या काळात मेंटेनर आपापली झाडं (गोळा केलेल्या पॅचचे संच) लिनसकडे पाठवण्यात गुंतलेले असतात. नेटवर्किंगवाले तर नवी कामं घेणंच बंद ठेवतात. त्या वेळी आलेली शांतता म्हणजे नकार नव्हे. वाट पाहताना त्याच सबसिस्टीममध्ये आलेला दुसऱ्या कुणाचा तरी छोटा पॅच वाचा आणि त्यावर खरोखर दिसलेली एखादी गोष्ट लिहा. मेंटेनरवरचा भार तेवढाच हलका होतो, आणि आपल्या पॅचकडे तो कोणत्या नजरेने बघतो हे कळायला याच्याइतकी चांगली शाळा नाही.

## आत गेल्यावर

आयआयओमध्ये पॅच स्वीकारला की तो आधी 'टेस्टिंग' नावाच्या शाखेवर दिसतो, तिथे रोबोट त्याला पुन्हा एकदा चाळतो. मग तो 'टू-ग्रेग' शाखेवरून कर्नलचे आणखी एक मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या झाडात आणि तिथून मर्ज विंडोत लिनसकडे जातो. या वाटेवर कुठेही चूक सापडली तर नवं व्हर्जन पाठवायचं नाही. आता दुरुस्तीचा वेगळा पॅच, आणि त्यात मूळ कमिटच्या हॅशचे किमान पहिले बारा अक्षर-अंक आणि शीर्षक घालून फिक्सेस टॅग. रोबोटचा रिपोर्टेड-बाय लावायची जागाही हीच.

मेंटेनर्स फाइलमध्ये तुमच्या ड्रायव्हरपुढे तुमचं नाव असेल तर आता इतरांच्या पॅच तुमच्याकडे येऊ लागतील. कुणीतरी जगाच्या दुसऱ्या टोकाहून तुमच्या ड्रायव्हरमध्ये नव्या चिपचा आधार घालेल आणि जुनी चिप मोडली नाही ना, हे त्याला तपासता येणार नाही, कारण ती त्याच्याकडे नसेल. बोर्ड काढा, पॅच लावा, बाइंड-अनबाइंडचा तोच लूप फिरवा, आणि आठवड्याच्या आत टेस्टेड-बाय पाठवा, किंवा काय मोडलं ते नेमकं लिहून कळवा.